सुईणीला बसमधून उतरवलं आणि तुम्ही उठलात

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात सिस्टर आहे. नोकरीला 27 वर्षं झाली, त्यातली 19 लेबर रूममध्ये गेली. मुलगा 20 वर्षांचा, पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीला घरी आला की रात्र रात्र लॅपटॉपवर सिनेमे बघतो, आणि सगळे जग बुडाल्याचे. कुठे पाणी संपलंय, कुठे माणसं पिंजऱ्यात कोंडलीत. यंदा दिवाळीत म्हणाला, "आई, एक सिनेमा तुझ्यासोबत बघायचाय." चिल्ड्रन ऑफ मेन. तोच मधे मधे थांबवून मला अर्थ सांगत होता. अठरा वर्षं जगात मूलच जन्मलेलं नाही, आणि एका मुलीला दिवस गेलेत. सिनेमा दिसायला इतका देखणा की नजर हटत नव्हती, आणि आत मात्र काळजाचं पाणी होत होतं. त्यात मिरियम नावाची एक सुईण आहे. बसमध्ये त्या मुलीला कळा सुरू होतात आणि शिपाई नेमकं त्या सुईणीलाच ओढून खाली नेतात. मी उठले. दूध वर येईल म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले, ती परत आलेच नाही. "अजून अर्धा-पाऊण तास आहे गं," एवढं म्हणून त्याने लॅपटॉप मिटला. त्यानंतर आमच्यात नीट बोलणंच नाही.

आमचे हे म्हणतात, असलं बघून पोरगं खचेल, वायफाय बंद कर. मोठी बहीण म्हणते, डॉक्टरला दाखव. मी काय करू? आणि शेवटी काय होतं ते तुम्हीच सांगा, म्हणजे मला पुन्हा बघायला नको.

ता. क. मिरियमला बघून मला आमच्या मोठ्या सिस्टर आठवल्या. 2021 च्या एप्रिलमध्ये गेल्या त्या. माझा मुलगा त्यांच्याच हातावर जन्मला.

– एक सिस्टर



सिस्टर,

तुमचं पत्र मी आधी सुरुवातीपासून वाचलं, आणि मग ता. क. पासून पुन्हा एकदा. दोन्ही वेळा ते वेगळं वाटलं. मुलाच्या काळजीचं म्हणून पाठवलेल्या या पत्रात सर्वात जड ओळ तुम्ही सहीच्या आधी, सगळं सांगून झाल्यावर लिहिली आहे. तिच्याकडे मी येणारच आहे. पण तुमच्या बहिणीने काढलेली शंका आधी घेते, कारण ती उडवून लावण्यासारखी नाही.

अंधारे सिनेमे आवडणं हे मन आजारी असल्याचं लक्षण नाही. लक्षणं इतरत्र दिसतात आणि ती ओळखायला तुम्हाला माझी गरज नाही, पण आपलं मूल समोर असलं की शिकलेलंही आठवत नाही, म्हणून लिहिते. झोप पार बिघडली आहे का, म्हणजे सिनेमासाठी जागतो की झोपच येत नाही म्हणून सिनेमा लावतो? जेवण तुटलंय का? मित्रांचे फोन घेतो का? पूर्वी जे आवडायचं, क्रिकेट असो, ट्रेक असो, ते सोडून दिलंय का? "माझ्यामुळे तुम्हाला त्रास", "माझा काय उपयोग" असं काही बोलतो का? यातलं दोन-तीन आठवडे सलग दिसलं तर डॉक्टरकडे नक्की न्या, आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर एक दिवसही थांबू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही तो लावू शकता.

पत्रात मात्र मला यातलं काही दिसलं नाही. दिसला तो एक मुलगा, जो दिवाळीच्या सुट्टीत मित्रांना सोडून आईजवळ बसला आणि तिला कळावं म्हणून दर पाच मिनिटांनी सिनेमा थांबवत राहिला. खचलेली माणसं असं करत नाहीत असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण हा मुलगा तुमच्यापासून लांब जात नव्हता, जवळ येत होता. त्यामुळे वायफाय बंद करू नका. तुमच्या मिस्टरांना माझा नमस्कार सांगा आणि एवढंच सांगा, की तो जे बघतो ते आपल्याला दाखवतोय तोवर दार उघडं आहे.

आता मला प्रश्न पडतो तो हा, की त्याने हाच सिनेमा का निवडला?

बुडालेल्या जगाचे सिनेमे शेकड्यांनी आहेत. झोंबी, उल्का, पूर, यंत्रमानव. त्यातून त्याने आईसाठी काढला तो असा, ज्यात सगळ्या जगाचं भवितव्य एका बाळंतपणावर येऊन थांबलंय आणि ज्यात बंदूकवाल्यांपेक्षा सुईणीची जास्त गरज आहे. सिस्टर, तो सिनेमा तुमच्याबद्दल आहे. त्याला हे शब्दांत सांगता आलं नसेल. विसाव्या वर्षी मुलांना आईचं कौतुक तोंडाने करता येत नाही, मग ती लॅपटॉप आणून समोर ठेवतात.

आणि त्याची पिढीही बघा. यंदा 20 म्हणजे तो 2021 ला दहावीला असणार. त्या वर्षी कोरोनामुळे राज्यात दहावीची परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावले. घरात बसून त्याने जग थांबलेलं पाहिलं, आणि त्याच घरातून आईला रोज ड्युटीवर जाताना पाहिलं. बाळंतपणं थांबली नव्हती. तुम्ही घरी येऊन आधी बाहेरच अंघोळ करत असाल, कपडे वेगळ्या बादलीत टाकत असाल, आणि पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं दाराआडून हे सगळं बघत असेल. तुमचा दिनक्रम मला ठाऊक नाही, पण त्या दिवसांत ज्या ज्या सिस्टर मला भेटल्या त्या हेच सांगायच्या. जग बुडाल्याच्या गोष्टी या मुलांना परक्या नाहीत. त्यांना त्यात एकच बघायचं असतं, की अशा वेळी माणसं कशी वागतात.

तुम्ही लिहिलंय, नजर हटत नव्हती आणि काळजाचं पाणी होत होतं. ही दोन्ही एकाच वेळी कशी होतात, याचा मी बरीच वर्षं विचार केलाय. दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन मेक्सिकोचे, छायालेखक इमॅन्युएल लुबेझ्कीही तिथलेच. (लुबेझ्कींनी पुढे सलग तीन वर्षं ऑस्कर मिळवलं.) 2006 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात हा सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला, ऑस्करची तीन नामांकनं मिळाली, पण थिएटरांतून खर्चही वसूल झाला नाही. गोष्ट लंडनमधली, साल 2027. तेव्हा ते लांबचं वाटायचं. मूळ कादंबरी पी. डी. जेम्स या ब्रिटिश लेखिकेची, 1992 ची. या बाईंनी रुग्णालयांच्या प्रशासनात बरीच वर्षं नोकरी केली होती. मला हे कळलं तेव्हा वाटलं, बरोबर आहे, खाटांचा हिशोब ठेवलेल्या बाईलाच रिकामा पाळणा एवढा भयंकर दिसू शकतो.

तर देखणेपणाबद्दल. सिनेमाच्या सुरुवातीला नायक थिओ रेल्वे स्टेशनाजवळून चालत जातो. ऊर्जा खात्यातला कारकून, मन मेलेला, खिशात दारूची बाटली. बाजूला पिंजरे आहेत आणि त्यांत परदेशातून आलेली निर्वासित माणसं कोंडली आहेत. थिओ तिकडे बघतही नाही. त्याला रोजची सवय आहे. पण कॅमेरा थांबतो. नायक पुढे निघून जातो आणि कॅमेरा मागे रेंगाळतो, गजांआडून एक म्हातारी तिच्या भाषेत काहीतरी सांगत असते, तिच्याकडे बघतो, आणि मग थिओला गाठायला निघतो. सबंध सिनेमाभर हे असंच चालतं. ज्या माणसाचा गोष्टीशी काही संबंध नाही त्याच्याजवळही कॅमेरा क्षणभर उभा राहतो. सिस्टर, हा वॉर्डचा राउंड आहे. डॉक्टर चार महत्त्वाच्या पेशंटना बघून पुढे जातात, मागून येणारी सिस्टर प्रत्येक खाटेपाशी थांबते, चादर सरळ करते, सलाईन बघते. तुमची नजर हटत नव्हती याचं मला नवल नाही. ती नजर तुमच्या ओळखीचीच होती.

गोठ्यातला प्रसंगही तुम्ही पाहिलाय. ती मुलगी, 'की' तिचं नाव, गायींच्या मध्ये उभी राहते आणि थिओला आपलं पोट दाखवते. तो बघतच राहतो. अठरा वर्षांत त्या जगात कुणी गरोदर बाई पाहिलेली नाही. तुम्ही रोज ओपीडीत साठ-सत्तर बघत असाल. सात महिने, आठ महिने, पायाला सूज, हिमोग्लोबिन कमी, "ताई, लोहाच्या गोळ्या घेतल्या का?" रोज बघून बघून ज्याच्यातलं नवल आपल्याला दिसेनासं होतं, ते हा सिनेमा एका गोठ्यात, मंद उजेडात, पुन्हा समोर ठेवतो. त्यातला काळोख मला म्हणूनच खटकत नाही. आजूबाजूचं सगळं गेल्याशिवाय ते पोट तेवढं ठळक दिसलं नसतं.

गाडीतला प्रसंग लिहिताना आजही माझा हात थांबतो. पाच माणसं गाडीत, पिंगपाँगचा चेंडू तोंडातून तोंडात उडवण्याचा पोरकट खेळ, हसणं, आणि पुढच्याच मिनिटाला जळती गाडी रस्त्यात येते, जमाव धावून येतो आणि थिओची पूर्वीची बायको ज्युलियन गोळी लागून जाते. गाडीच्या टपावर खास यंत्रणा बसवून कॅमेरा आत फिरवला होता, त्यामुळे पापणी मिटायलाही जागा राहत नाही. तो चेंडू मला त्या गोळीइतकाच लक्षात राहिलाय. आठवड्यापूर्वी हसत चहा पिणारं माणूस पुढच्या आठवड्यात नाही, हे तुमच्या रुग्णालयाने 2021 मध्ये पाहिलेलं आहे.

आता ती बस.

तुम्ही मिरियमला ओढून नेताना पाहिलंत आणि उठलात. मला वाटतं, त्या धक्क्यात तिने काय केलं ते तुमच्या नजरेतून निसटलं. 'की'ला कळा येत असतात. शिपायाचं लक्ष तिच्याकडे वळतं. त्याला कळलं असतं तर सगळं संपलं होतं. त्या क्षणी मिरियम एकदम मोठमोठ्याने प्रार्थना म्हणू लागते, वेड लागल्यासारखी. शिपायाचं लक्ष पोरीवरून उडून हिच्यावर येतं आणि तो हिला खाली ओढतो. ती पकडली गेली नाही, सिस्टर, तिने स्वतःला पुढे केलं. पेशंट कळांमध्ये आहे, हातात काही नाही, डॉक्टर नाही, तर आता पेशंटसाठी काय करता येईल, याचा तिने दोन सेकंदांत विचार केला आणि तेच केलं.

तुमच्या मोठ्या सिस्टरांनाही 2021 च्या एप्रिलमध्ये रजा टाकता आली असती. त्यांचं वय झालेलं असेल, कदाचित कुणी सुचवलंही असेल. मला त्यांच्याबद्दल तुमच्या एका ओळीपलीकडे काही माहिती नाही, म्हणून जास्त लिहीत नाही. पण तुम्ही सिनेमाला घाबरून उठलात असं मला वाटत नाही. तुम्हाला त्या आठवल्या, आणि मुलासमोर रडायचं नव्हतं. दूध हे आपल्या घरांतलं जुनं कारण आहे. माझ्या आईनेही किती वेळा दुधाच्या नावाने डोळे पुसले असतील, कोण जाणे.

याच सिनेमात थिओचा एक श्रीमंत नातेवाईक आहे, आठवतोय का? जगभरातल्या थोर कलाकृती वाचवून स्वतःपाशी ठेवणारा. दारात पाय तुटलेला डेव्हिडचा पुतळा, जेवणाच्या टेबलामागे भिंतभर पिकासोचं 'गेर्निका' हे चित्र. थिओ त्याला विचारतो, शंभर वर्षांनी हे बघायला कुणीच नसणार, मग कशाच्या बळावर जगतोस? तो म्हणतो, मी त्याचा विचारच करत नाही. घरात अशा वेळी हाच सल्ला प्रेमाने दिला जातो. विचार करू नकोस, बघू नकोस, बंद कर. त्या नातेवाइकाच्या घरात सगळं आहे, आणि त्या जेवणाच्या टेबलावर बसावंसं मात्र कुणालाही वाटत नाही. तुम्ही चार वर्षांहून जास्त काळ मोठ्या सिस्टरांचा विचार न करण्याचा प्रयत्न करताय, असं मला पत्रावरून वाटतं. चुकत असेन तर तसं कळवा.

थोडं माझं सांगते. मिरियम एका ओस पडलेल्या शाळेत बसून सांगते, की गर्भ कसे पडू लागले, मग नोंदवहीत पुढच्या महिन्यांच्या तारखाच कशा येईनाशा झाल्या, आणि पटांगणांवरचा मुलांचा आवाज कसा गेला. बाहेर ती मुलगी झोपाळ्यावर बसलेली. हा प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा नुसता ऐकला. पुढे आमच्या रत्नागिरीकडच्या गावातली शाळा पट कमी होत होत बंद झाली. माणसं मुंबईला गेली, घरांना कुलपं. मे महिन्यात गेले तर व्हरांड्यात शेळ्या बसल्या होत्या आणि फळ्यावर शेवटची तारीख अजून होती, खडूने काढलेल्या फुलासकट. बारा वाजता घंटा व्हायची, त्या वेळेला मी उगाच कान देऊन उभी राहिले. घरी आल्यावर मी सिनेमा पुन्हा लावला आणि त्या शाळेच्या प्रसंगाला पोटभर रडले. त्या दिवशी बरं वाटलं. गावात कुणाकडे हे बोलले असते तर म्हणाले असते, शाळाच ती, दुसऱ्या गावात आहे की. सिनेमाने तसं म्हटलं नाही.

शेवट काय होतो, ते मी सांगणार नाही. रागावू नका. तो सांगायचा हक्क तुमच्या मुलाचा आहे, आणि तुम्ही तो त्याच्या शेजारी बसून बघावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. उरलेल्या भागात गोळीबार आहे, रक्त आहे, माणसं मरतात. तुम्हाला ते आधीच माहीत असलेलं बरं. त्रास झाला तर थांबवा, पण "थांबव रे जरा" असं त्याला सांगून थांबवा आणि तिथेच बसून राहा.

एवढं मात्र सांगते. पुढे ते बाळंतपण आहे. मिरियम नाही. एक घाणेरडी खोली, एक कारकून, हात धुवायला बाटलीतली दारू. बाळंतपणाचा तो प्रसंग मध्ये कुठेही तुकडा पडू न देता दाखवलाय. तो तुम्ही लेबर रूमच्या नजरेने बघा. तो माणूस काय बरोबर करतो, काय चुकतो, नाळेचं काय, बाळाला ऊब कशी देतो, हे सगळं मुलाला मोठ्याने सांगा. त्याने तुम्हाला इंग्रजीचा अर्थ सांगितला, आता तुम्ही त्याला याचा अर्थ सांगा. (ते बाळ संगणकावर घडवलेलं आहे. तुमच्या नजरेला ते कळतं का, हे मला खरोखर जाणून घ्यायचंय.)

आणि एक आवाज ऐका. बाळ बाहेर येतं आणि रडेपर्यंतचे जे दोन-चार श्वास असतात, त्यांत लेबर रूममध्ये कुणी बोलत नाही. मावशींच्या हातातली बादलीसुद्धा वाजत नाही. तुम्ही पाठ चोळता, तळव्याला टिचकी मारता, आणि मग ते रडतं आणि सगळी खोली श्वास सोडते. 19 वर्षांत हा आवाज तुम्ही हजारो वेळा ऐकला असेल. ज्यांनी तो अठरा वर्षांत एकदाही ऐकला नाही, त्यांच्या कानावर तो पडला तर काय होतं, हे या सिनेमाने दाखवलंय. त्याबद्दल मी पुढे एक अक्षरही लिहीत नाही. तुम्ही उठलात तिथून तो प्रसंग फार लांब नव्हता.

मुलगा पुढच्या सुट्टीला आला की आधी सिनेमाचं काढू नका. जेवणं झाली, हे झोपले, की म्हणा, "त्या बसपासून लाव." त्याला कळेल. तो विचारेल, त्या दिवशी उठलीस का? तेव्हा मोठ्या सिस्टरांचं नाव सांगा. तो कुणाच्या हातावर जन्मला हे त्याला माहीत आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर तेव्हाच सांगा, सिनेमा सुरू करायच्या आधी, सावकाश. त्या दिवशी ड्युटी कुणाची होती, पाऊस होता की ऊन, त्याला पहिल्यांदा पुसून तुमच्याजवळ देताना त्या काय म्हणाल्या.

मग सिनेमा संपला तरी लगेच उठू नका. पडद्यावर नावं सरकू द्या. ती बरीच लांब आहेत, पण अगदी तळाशी तीन शब्द येतात, इंग्रजी लिपीत. अर्थ मुलाला विचारावा लागणार नाही. शांतिः शांतिः शांतिः.

पत्राची वाट बघते.

तुमची,
ताई